रीफ टँक क्लॅमसाठी तयार झाला का, ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. सहा वर्षं दुबईत होतो, तिथं रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवला, त्यात क्लॅम, म्हणजे रंगीत पडद्याचे समुद्री शिंपले, वाढवले, आणि परत आल्यापासून घरी २४० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात मासे आणि सॉफ्ट कोरल आहेत, क्लॅम नाही. का नाही ते खाली लिहिलंय. जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरं आणि आखातात नाहीतर पुण्यात नोकरीला गेलेली आपलीच मंडळी फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून जे मला माहीत आहे ते एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय.

भाऊ, एका वाक्यात सांगा ना, टँक तयार झाला असं कधी समजायचं?

महिनाभर टँकनं तुम्हाला काहीच नवीन दाखवलं नाही, तेव्हा. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तेच, खारटपणा तोच, तापमान तेच, काचेवर शेवाळ रोजच्याइतकंच. आणि खान्देशात राहत असाल तर माझी एक जास्तीची अट आहे, टँकनं एक मे आणि एक जून काढलेला पाहिजे. सहा महिने झाले, वर्ष झालं, या हिशोबाला मी फार किंमत देत नाही, कारण दोन वर्षांचा टँक डगमगताना पाहिलाय, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं सहा महिन्यांच्या आत क्लॅमचा विचारही करू नये.

आधी हे सांगा, आपल्याकडं भारतात क्लॅम ठेवता येतो का?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि खरं तर हाच पहिला पाहिजे. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस हे तीन क्लॅम २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या, अनुसूची १ मध्ये घातले गेले, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. दगडी कोरलही त्याच वेळी तिथं आले. म्हणजे लक्षद्वीप नाहीतर अंदमानच्या समुद्रातून काढलेला क्लॅम कोणी कितीही प्रेमानं देत असेल तरी घ्यायचा नाही. आणि सगळेच जायंट क्लॅम साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळं परदेशात शेतीत वाढवलेला क्लॅम आणायचा तरी परवाना लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची सरकारकडं नोंदणीही करावी लागते.

मला इथं आजपर्यंत कागदपत्रं पूर्ण असलेला क्लॅम कोणी दाखवलेला नाही. "कागद नंतर देतो" असं म्हणणारे भेटले. म्हणून माझ्या टँकमध्ये क्लॅम नाही आणि तुम्हालाही हेच सांगतो, कागद हातात नाही तर क्लॅम घरात नाही, शंका असेल तर थेट वनविभागात जाऊन विचारा. बाहेरदेशी असाल तर तिथल्या दुकानात शेतीतला क्लॅम मिळतो, पलाऊ, मार्शल बेटं इथं त्याची रीतसर शेती होते, तोच मागा. आणि खाली टँकच्या तयारीचं जे लिहिलंय ते इथं सॉफ्ट कोरल ठेवणाऱ्यालाही जसंच्या तसं उपयोगी आहे.

क्लॅमला एवढी तयारी कशाला? शिंपलाच तर आहे.

तापीच्या वाळूत सापडतो तो शिंपला डोळ्यासमोर आणू नका. जायंट क्लॅमच्या अंगात, म्हणजे कवचाबाहेर जो रंगीत पडदा पसरतो त्याच्यात, सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न बनवतं आणि त्याचा मोठा हिस्सा क्लॅमला देतं. म्हणजे क्लॅम अर्धा प्राणी आणि अर्धं शेत आहे असं समजा, शेताला जसं ऊन, पाणी आणि थोडं खत वेळेवर लागतं तसं त्याला उजेड, स्थिर पाणी आणि थोडं नायट्रेट लागतं. वरून कवच वाढवायला तो पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढत असतो.

त्या पडद्याच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, सुईनं टोचल्यासारखे ठिपके. मी दुबईत टँकपुढून हात नेला की माझा मॅक्सिमा एका झटक्यात पडदा आत घ्यायचा, मग दहा-पंधरा सेकंदांनी हळूहळू, आधी एक कड मग दुसरी, परत पसरायचा. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, ती सावली पाडायची आणि तो मिटला की टाळ्या वाजवायची, मग मला तिला सांगावं लागलं की बेटा रोज दोनदाच, त्याला पण त्रास होतो.

आणि क्लॅम उठून दुसरीकडं जाऊ शकत नाही. मासा बिघडलेल्या पाण्यात वर येऊन धापा टाकतो, तुम्हाला कळतं. क्लॅम गप्प सहन करतो, आणि तुम्हाला दिसतं तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

सायकल पूर्ण झाली, अमोनिया शून्य, सहा आठवडे झाले. टाकू का?

नाही. सायकल झाली म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसले, बस एवढंच. त्यानंतर डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, येतात, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, मग बऱ्याचदा लाल चिकट थर, आणि हे सगळं चालू असताना पाणी रोज वेगळं असतं. हा काळ संपून दगडांवर आणि काचेवर जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळाचे ठिपके यायला लागले की मला बरं वाटतं, कारण ते शेवाळही क्लॅमसारखंच कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन वाढतं. ते सुखात आहे तर पाणी त्या वाटेवर आहे. पंपावर, मागच्या काचेवर, पाइपवर सगळीकडं पसरलं की मग आकडे बघायला सुरुवात करा.

आकडे कोणते असावेत?

तापमान २४ ते २७ अंश. खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे ग्रॅव्हिटी १.०२५-१.०२६. केएच ८ ते ९ डिग्री. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएमच्या आसपास. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. तांबं अजिबात नाही.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन पाण्यानं लावा, नुसत्या आरओच्या पाण्यानं शून्यावर लावला तर वरच्या आकड्यात फरक येतो आणि तो तुम्हाला कळतही नाही.

माझे सगळे आकडे बरोबर आहेत, तरी तुम्ही थांबा म्हणता?

हो, कारण आकडा एका दिवसाचा फोटो असतो. मला तुमचे चार आठवडे बघायचेत. माझी स्वतःची चूक सांगतो म्हणजे लक्षात येईल.

दुबईतला माझा पहिला मॅक्सिमा मी चौथ्या महिन्यात आणला. टेस्ट किट महाग पडतात म्हणून मी फक्त कॅल्शियम बघत होतो. ४३० होतं, दोन आठवड्यांनी ४१० आलं, म्हटलं ठीक आहे, एवढं चालतं. केएच बघितलाच नाही. मग क्लॅमचा पडदा आखडल्यासारखा दिसला म्हणून केएच केला तर ९.२ चा ६.४ झालेला. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला वाढव, आणि मी घाबरून एका रात्रीत १० वर नेला. सकाळी क्लॅम मिटलेला. पुढं नऊ दिवस तो कधी अर्धा उघडायचा, कधी नाही, आणि दहाव्या दिवशी कवच सताड उघडं, हात नेला तरी हलला नाही.

यातला हिशोब मला नंतर कळला. कवच किंवा कोरल बनताना केएच १ नं उतरला तर कॅल्शियम फक्त ७ च्या आसपास उतरतं. म्हणजे केएच २.८ नं पडतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० नं पडलेलं असतं, आणि ४३० चं ४१० हा फरक किटमध्ये कोणालाच मोठा वाटणार नाही. म्हणून टँक किती खातोय ते कॅल्शियम नाही, केएच सांगतो. क्लॅमच्या आधी केएचचं किट घ्या, बाकी नंतर.

आता चाचणी अशी करा. तीन दिवस डोसिंग, म्हणजे केएच-कॅल्शियमची रोजची भर, बंद, रोज एकाच वेळी, समजा रात्री ९ ला, केएच मोजायचा आणि वहीत लिहायचा. ८.६, ८.४, ८.२ असा सारखा उतरला तर टँकची भूक कळली, रोज ०.२. मग तेवढंच रोज भरायचं आणि पुढचे चार आठवडे दर तीन-चार दिवसांनी बघायचं. महिनाभरात वर-खाली मिळून अर्ध्याच्या आत राहिला तर टँक तुमच्या हातात आला. आणि एकदम उतरला, मग थांबला, मग चढला असं होत असेल तर आधी कारण शोधा, क्लॅम आणून कारण सापडत नाही.

भरायला वेगळं काही लागत नाही. खायचा सोडा चालतो, १०० लिटरला साधारण ३ ग्रॅम घातला की केएच १ नं वाढतो, पण तो आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत, आणि एका दिवसात १ च्या वर कधीच नाही. धुण्याचा सोडा वेगळा असतो, डबा बघून घ्या. काही जण चुन्याचं पाणी वापरतात, रसायन तेच आहे जे पानाला लावायच्या चुन्यात असतं, पण टपरीवरचा चुना टँकला नाही, शुद्धच लागतो.

मे महिन्याची अट कशासाठी? एसी तर सगळ्यांकडं आहे.

सगळ्यांकडं नाही, आणि ज्यांच्याकडं आहे त्यांची पण दुपारी लाइट जाते. इथं बाहेर ४४-४५ होतं तेव्हा बंद खोलीतसुद्धा ३७-३८ असतं, आणि क्लॅमच्या अंगातलं शैवाल ३० च्या वर सलग काही दिवस राहिलं तर बाहेर पडायला लागतं, पडदा पांढुरका होतो आणि मग त्याला अन्न देणारं कोणी राहत नाही.

माझ्याकडं टँकच्या खोलीत एसी नाही. मी सम्पवर, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीवर, दोन छोटे पंखे लावतो. पाणी उडतं तसं थंड होतं, माठाचं जे गणित आहे तेच. २०० लिटर पाण्यातून १ लिटर उडालं तर जवळपास ३ अंशांची उष्णता निघून जाते, एवढी ताकद आहे त्यात. मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की दोन पंख्यांवर माझं पाणी २८ च्या खाली राहतं. पण रोज ६ लिटर पाणी उडतं. ते आपोआप भरणारी यंत्रणा नसेल तर एका दिवसात खारटपणा ३५ चा जवळपास ३६ होतो, तुम्ही दोन दिवस लग्नाला गेलात की ३७. म्हणून ऑटो टॉप-ऑफ आधी, मग बाकी सगळं.

आता लोक कुठं फसतात ते बघा. एक, त्याच खोलीत दारं-खिडक्या लावून डेझर्ट कूलर चालवतात. माणसाला गार वाटतं पण हवेत ओल भरते, पंख्यानं पाणी उडणं कमी होतं आणि टँक उलट तापतो. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. दोन, आणि हे जास्त वाईट, जून. पूर्ण मे तुम्ही पंख्यांवर काढता, वाटतं जिंकलो, मग मृगाच्या आसपास ढग येतात, एक सर पडते, हवा ३५ ची पण दमट, आणि तेच पंखे तसेच फिरत असताना पाणी दोन दिवसांत ३० च्या वर जातं. मी स्वतः वहीत लिहिलंय, मे मध्ये जास्तीत जास्त २७.९ आणि १२ जूनला ३०.४. त्या वर्षी मी जुन्या पेप्सीच्या बाटल्यांत बर्फ करून दर तीन तासांनी सम्पमध्ये सोडत होतो, बायको रात्री उठून बाटल्या बदलायची. क्लॅम असता तर मला झोप लागली नसती. म्हणून म्हणतो, चिलर (टँकचं पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसी नसेल तर मे सोडा, जून बघा.

हिवाळ्यालाही विसरू नका. जळगाव-धुळ्याकडं पारा १० च्या खाली जातो, तेव्हा चांगला हीटर आणि त्याच्यावर वेगळा कंट्रोलर लागतो.

लाइट गेली तर किती वेळ चालतं?

क्लॅम काही तास उजेडाशिवाय आरामात राहतो, रात्र तर रोजच असते. धोका पाणी थांबण्याचा. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो, त्यात वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, बंद झाला तर आधी मासे आणि मग बाकी सगळे. इन्व्हर्टरवर पूर्ण टँक घ्यायची गरज नाही, फक्त एक वेव्हमेकर आणि उन्हाळ्यात सम्पचा एक पंखा घ्या. बॅटरीचा एअर पंप जवळ ठेवा. आणि एकदा रविवारी स्वतःच मेन स्विच बंद करून चार तास बसून बघा काय काय होतं, कुठून पाणी सांडतं, परत लाइट आल्यावर पंप आपला आपण चालू होतो का. हे न करता तयार म्हणू नका.

आमचं बोअरचं पाणी आहे, साध्या आरओनं चालेल?

माझ्या बोअरचा टीडीएस ९०० च्या आसपास आहे, आणि केळी-कापसाच्या पट्ट्यात खतांचं नायट्रेट जमिनीत उतरून बोअरमध्ये येतं. घरच्या प्यायच्या आरओतून पाणी ४०-६० टीडीएसचं येतं कारण चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. टँकला शून्य पाहिजे. आरओच्या पुढं उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावा आणि मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदला.

आणि ही गोष्ट फक्त आपल्याकडंच सांगावी लागते, पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यातून नेऊ नका. धुळ्याचा एक मित्र मला म्हणाला, "भाऊ, पानी ते चांगलं शे, मीटर झिरो दाखाडस, मग कोयंबी का मरस?" दोन कोळंब्या एकामागून एक गेल्या होत्या. मी घरी गेलो तर आई आरओचं पाणी रात्री तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायची, प्यायला चांगलं म्हणून, आणि सकाळी हा त्यातूनच टॉप-ऑफ करायचा. आपल्याला जे पथ्याचं ते क्लॅम-कोळंबीला विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध त्याच टँकमध्ये किंवा त्याच दगडांवर कधी वापरलं असेल तरी तेच, ते दगड क्लॅमच्या टँकमध्ये नको. प्लॅस्टिकचा खाण्याच्या दर्जाचा ड्रम घ्या.

डासांचा स्प्रे, कॉइल, फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद आणि एअर पंप बंद. शेतात फवारणी करून आलात तर आधी अंघोळ, मग टँकमध्ये हात.

उजेड किती लागतो?

डेरासा आणि स्क्वामोसा या जातींना पडद्याच्या पातळीवर पीएआर (PAR, शैवालाला उपयोगी उजेडाचं माप) १५०-२०० पुरतो, मॅक्सिमा आणि क्रोसिया या जातींना २०० ते ३०० किंवा जास्त. मोबाइलचं ॲप निळ्या एलईडीवर खोटं बोलतं, कोणाकडून तरी पीएआर मीटर एक दिवस मागून आणा. ८ ते १० तास. खिडकीतलं ऊन फुकट आहे म्हणून टँक तिथं ठेवू नका, आपलं ऊन टँक उकळवेल.

माझं नायट्रेट शून्य येतं, हे चांगलंच ना?

क्लॅमसाठी नाही. अंगातल्या शैवालाला नायट्रोजन लागतो, क्लॅम पाण्यातलं अमोनिया-नायट्रेट थेट ओढतो. अगदी स्वच्छ, शून्य-शून्य पाण्यात तो उपाशी राहतो आणि फिका पडतो. माशांना नीट खायला घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडा हलका चालवा.

वेगळं खाणं द्यावं लागतं?

७-८ सेंटिमीटरच्या वरच्या क्लॅमला चांगला उजेड असेल तर सहसा नाही. पाणी गाळून तो बारीक कण खातोच. अगदी छोटा असेल तर फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) थोडं थोडं द्यावं, पण मी तर छोटा घेऊच नका म्हणतो.

कोणते मासे असतील तर क्लॅम नकोच?

ट्रिगर, पफर, बटरफ्लाय, आणि बरेचसे एंजल, छोटे एंजलसुद्धा. काही ब्लेनी पण पडदा चावतात. क्लाउन, गोबी, क्रोमिस चालतात. कोळंबी कधी कधी पडद्यावर चालत राहते आणि क्लॅम सारखा मिटतो, तेवढं बघा. एप्टेशिया, म्हणजे टँकमध्ये उपद्रव देणारं छोटं समुद्रफूल, असेल तर आधी ती संपवा, क्लॅमशेजारी ती उगवली तर डंख मारत राहते.

पहिला कोणता घ्यावा?

डेरासा किंवा स्क्वामोसा, जिथं कायद्यानं मिळतो तिथं. दोन्ही वाळूवर बसतात, उजेड थोडा कमी चालतो. पण डेरासा ५० सेंटिमीटरच्या पुढं जातो, टँक छोटा असेल तर कधीतरी कोणाला तरी द्यावा लागेल हे आधीच ठरवा. क्रोसिया १५ सेंटिमीटरचा, छोटा आणि फार देखणा, पण खडकात रुतून राहणारा आणि उजेडाचा भुकेला. गिगास तर १२० सेंटिमीटर आणि २०० किलोच्या वर जातो, तो समुद्रातच शोभतो.

दुकानात काय बघायचं?

हातानं सावली पाडा, झटकन मिटला पाहिजे. पडदा कवचाच्या बाहेर पसरलेला, मधे पांढरा डाग नाही. पाणी आत घ्यायचं भोक ताणून उघडं पडलेलं नको. कवचाच्या वरच्या कडेला पांढरी ताजी वाढ दिसली तर तो वाढतोय. मग उचलून खालची बाजू बघा, जिथून तो धागे काढून खडकाला धरतो तो भाग फाटलेला असेल तर परत ठेवा. दुकानदारानं खडकावरून ओढून काढला असेल तर तो जगणं अवघड. धागे ब्लेडनं खडकाजवळ कापायचे असतात.

आणि आल्याबरोबर घेऊ नका. पैसे देऊन ठेवा, दोन आठवडे दुकानातच राहू द्या.

घरी आणल्यावर?

पिशवी २० मिनिटं तरंगू द्या, मग तासभर थेंब-थेंब पाणी. पाण्यात नेल्यावर हळूच तिरपा करा म्हणजे आत अडकलेली हवा निघते. थेट जोरदार उजेडात नको, खाली वाळूवर एका सपाट दगडावर ठेवा, मग दोन-तीन आठवड्यांत वर न्या. पाण्याचा झोत थेट नको, पडदा हलका डुलला पाहिजे, दुमडला नाही पाहिजे. दगडाला धरला की हलवायचा नाही.

रात्री कवचाच्या कडेला तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी दिसलं. काय आहे?

पिरॅमिडेलिड गोगलगाई. दिवसा खालच्या भेगेत लपतात, रात्री वर येऊन सोंडेनं क्लॅमचा रस ओढतात. लाल टॉर्च घेऊन, उजेड बंद झाल्यावर दोन तासांनी बघा. क्लॅम बाहेर काढून मऊ टूथब्रशनं कवच घासा, कवचाच्या घड्यांमधल्या जेलीसारख्या अंड्यांचे ठिपकेसुद्धा, आणि हे दर तीन-चार दिवसांनी महिनाभर करा कारण अंडी राहून जातात. काही रॅस (wrasse) जातीचे मासे त्यांना खातात पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

सगळं जमलं, आता मार्च आहे. आत्ताच आणू?

नका. मे आणि जून काढा, जुलैत वही उघडून बघा. पाणी कधी २९ च्या वर गेलं का, टॉप-ऑफ कधी अडकला का, लाइट सगळ्यात जास्त किती तास गेली आणि तेव्हा तुम्ही घरी होतात का. पाऊस स्थिरावला, पंखे नाहीतर चिलर नीट चालतोय, केएच पुन्हा चार आठवडे सरळ रेषेत आला, की मग ऑक्टोबर उलटल्यावर, दिवाळीच्या पाहुण्यांची गर्दी घरातून कमी झाली की आणा. आणि तोपर्यंत जिथं क्लॅम बसवणार आहात त्या जागेवर तेवढ्याच आकाराचा दगड ठेवून बघा, महिनाभरात त्याच्यावर वाळू साचते की नाही, कोण मासा त्याच्यापाशी सारखा जातो, संध्याकाळी त्याच्यावर सावली कशाची पडते.